तिसऱ्या मजल्यावरच्या चाव्या

मुंबईत काय काय पाहिलंस, असं नांदेडचं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. पाहायचं राहूनच गेलं! बोरीवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे किस्सेच इतके साठलेत की फोनचं चार्जिंग संपतं, किस्से संपत नाहीत. अभिमानाने सांगते, असा मजला अख्ख्या मुंबईत नसेल.

*

आल्यावर चौथ्याच दिवशी मी गाऊनवर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि मागे 'खट्' झालं. नांदेडला आमचं दार दिवसभर सताड उघडं. इथं लॅच असतं, ते आपोआप बंद होतं, हे मला कुणी सांगायचं? चावी आत, फोन आत, गॅसवर दूध आणि नवरा, सुहास, ऑफिसात! वाट लागली.

शेजारच्या सावंतकाकू बाहेर आल्या. मूळच्या मालवणच्या, आवाज खणखणीत. माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि काकांचा जुना एक्स-रे घेऊन आल्या. तो दाराच्या फटीत सारला, दोन हिसके दिले, दार उघडलं!

"ह्यांच्या गुडघ्याचो इतक्या वर्षांत ह्योच काय तो उपेग झालो!"

दूध उतू गेलं होतं, पण घर वाचलं.

*

दुसऱ्याच दिवशी मी जादा चावी काकूंकडे दिली. त्यांच्या दारामागे खिळ्यांना आठ-दहा बिऱ्हाडांच्या चाव्या लटकत होत्या. एकीवरही नाव नाही, नंबर नाही. एकीला सेफ्टी पिन, एकीला लाल दोरा, एकीला तुटकं बटण.

"काकू, नावं का नाही लिहीत?"

"चोराक वाचूक येता गो!"

*

एकदा माझ्या अंधेरीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना काकूंचा फोन.

"तुझी कणीक वट्यार ऱ्हवली होती, फ्रीजमधी ठेवलंय. आणि आमटीत मीठ नाय."

म्हणजे चाखलीसुद्धा! माझं डोकंच फिरलं. प्रायव्हसी नावाची काही गोष्ट असते की नाही? संध्याकाळी चावी परत घ्यायचीच म्हणून तावातावाने गेले. परत आले ती सुरमईच्या कालवणाची वाटी घेऊन.

"चावी?" सुहासने विचारलं.

"आधी जेव!"

आणि खरं सांगते, आमटीत मीठ नव्हतंच.

*

हसत होते, पण एक गोष्ट मनाला फार लागायची. माझी चावी काकूंकडे, पण माझ्याकडे कुणाचीच नाही. समोरच्या हंसाबेन भाच्याच्या लग्नाला राजकोटला निघाल्या, तेव्हा माझी बेल वाजली. मी हात पुसत धावले. म्हटलं, आली बाई चावी! हंसाबेननी दाराबाहेरच्या दोन कुंड्या माझ्याकडे सरकवल्या. "पाणी घाल हां, बेटा." चावी गेली काकूंकडे.

मी रडले. "आपण भाडेकरू," सुहासला म्हटलं, "अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, अकरा महिन्यांचीच माणसं! मला नाही राहायचं इथं. हे संपलं की नांदेड." तो बदलीचा अर्ज लिहायला बसला आणि मी घरमालकांना 'फ्लॅट सोडतोय' असं कळवूनही टाकलं. मजल्यावर कुणाला सांगितलं नाही. कोण विचारणार होतं?

*

पुढच्या आठवड्यात ऑफिसात मालकांचा फोन. भयंकर चिडलेले.

"मॅडम, नवीन पार्टी घेऊन आलोय फ्लॅट दाखवायला. या सावंतबाई मला चावी देत नाहीत! आणि दुसऱ्या एक बाई तुमच्या दारात खुर्ची टाकून बसल्यात!"

मागून राजकोटहून परतलेल्या हंसाबेनचा आवाज आला, "आमाला न विचारता कशी जाते ती?"

मग काकू. "ती ऑफिसात हा. तिका इचारल्याशिवाय चावी मिळाची नाय."

"अहो, फ्लॅट माझा आहे!"

"फ्लॅट तुझो, मेल्या. घर तिचा!"

मालकांनी वैतागून फोन काकूंच्या हातात दिला.

"काय गो, तू जातंस म्हणता ह्यो. देऊ काय चावी?"

अख्खं ऑफिस वळून बघेल एवढ्या जोरात मी ओरडले, "अजिबात देऊ नका!"