धुतलेला तंबू

तंबू अर्धा धुऊन झाला होता, अर्धा अजून टबात भिजत होता. घडीताई फरशीवर गुडघे टेकून ब्रश मारत होती. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता तिला हे नाव पडलेलं. तिने घातलेली घडी चादरीची नव्हे, पुठ्ठ्याची वाटावी. तंबू जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला. त्यात आधी कोण कुठली माणसं झोपली असतील, देव जाणे. म्हणून कढत पाणी, कामावरचा जहाल साबण आणि मनगटाचा जोर. आतल्या बाजूने पांढुरके पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगायला लागले, तसा तिला आणखीच हुरूप आला.

"अहो, बघा तरी किती मळ निघतोय."

नवरा सामान पोचवायची गाडी चालवायचा. तो चहाचा कप घेऊन दाराला टेकला. "डोक्यावर धड छप्पर असावं म्हणून देश सोडला. आता छप्पर सोडून जमिनीवर झोपायला जायचं. तेही भाडं भरून."

"तुम्ही गाडीत झोपा."

"तिथेच तर असतो मी जन्मभर."

ही सगळी उठाठेव लेकीसाठी होती. लहान असताना ती दर उन्हाळ्यात मागे लागायची. वर्गातली सगळी मुलं तळ्याकाठी तंबू ठोकून राहून यायची, मग आपण कधी? दर उन्हाळ्यात उत्तर एकच, पुढच्या वेळी. कधी कामावर जादा पाळी आली, कधी गाडीचं काम निघालं. मागणं हळूहळू थांबलं आणि त्याच्याबरोबर बोलणंही. आता लेक शिकायला दुसऱ्या शहरात निघाली होती. घरात तिचं हूं आणि बरं एवढंच ऐकू यायचं, तेही इथल्या भाषेत. पूर्वी हीच पोर आईच्या कुशीत शिरली की झोप लागेपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसायचा. जाण्याआधी एकदा तरी ती तशी बोलावी, एवढंच घडीताईचं देवाकडे मागणं होतं.

धुलाईखान्यात शेजारच्या टेबलावर काम करणारी मावशी दुसऱ्याच मुलखातून आलेली. चार पोरं तिने असंच तंबू घेऊन फिरवून वाढवलेली. तिने घडीताईला सगळं समजावून सांगितलं. नवं काही घेऊ नकोस. सरकारी वनातली जागा सगळ्यात स्वस्त, ती आधी फोनवरून राखून ठेव. झोपायच्या पिशव्या कशाला हव्यात, घरच्या गोधड्या घे, पण खाली जाड पुठ्ठे अंथर, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. पहिल्या संध्याकाळचं जेवण घरून करून ने, चूल पेटवायच्या भानगडीत पडू नकोस. तंबू एकदा घरीच उभा करून बघ. मावशीने सगळं सांगितलं. तंबू धुऊ नकोस, हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तंबू कुणी असा उकळत्या पाण्यात घालेल, असं कुणाला वाटणार?

शनिवारी देवापुढे दिवा लावून तिघं निघाली. तळ्याकाठी पोचल्यावर नवरा खुंट्या ठोकायला लागला आणि तिसऱ्याच खुंटीला अंगठा ठेचून घेतला. लेक हसली. "बाबा, जमिनीला मारायचंय, स्वतःला नाही." तेही आपल्या भाषेत. घडीताईने भाताचा डबा उघडता उघडता ते ऐकलं आणि झाकण हातातच राहिलं.

दिवस कलायच्या आत आभाळ भरून आलं. तिघं आत शिरली. पाऊस काही फार नव्हता. शेजारच्या तंबूंवरून पाणी नुसतं ओघळून जात होतं. यांचं छत मात्र गाळणीसारखं झिरपायला लागलं. आधी गोधड्या भिजल्या, मग पुठ्ठ्यांचा लगदा झाला. शेजारच्या तंबूतला माणूस धावत आला, कापड आतून चाचपून लेकीला काहीतरी विचारलं.

"आई, हा गरम पाण्यात धुतलास तू?"

"स्वच्छच तर केला."

"आतून थर असतो गं, पाणी अडवणारा. तो निघाला सगळा."

टबात तरंगणारे ते पापुद्रे. लेक त्या माणसाला काही सांगून हसली, तोही हसला. हसणं वाईट नव्हतं, पण काय सांगितलं ते तिला कळलं नाही.

शेजाऱ्यांच्या तंबूत आणखी एकाच माणसाची जागा होती. "आई, तू जा," लेक म्हणाली. घडीताईने मान हलवली, "तुला सर्दी होईल, तू जा." स्वतः ती नवऱ्याबरोबर गाडीत जाऊन बसली. काचेतून पलीकडचा उजेड दिसत होता आणि लेकीचा आवाज येत होता. भाषा इथलीच, पण थांबत नव्हता तो आवाज. किती वर्षांनी एवढं बोलत होती पोर.

"झोप आता," नवरा म्हणाला. "पुढच्या वेळी..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडलं.

सकाळी घडीताई गोधड्या पिळत असताना शेजारच्या तंबूतली बाई जवळ आली. घडीताईचा हात हातात घेऊन, तिला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मुलगी घाबरली आहे. नव्या शहराला. खूप रडली. काळजी करू नका, चांगली राहील."

घडीताईने तिचे आभार मानले. रडली? घरात तर पोरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

परतीच्या वाटेवर लेक मागून म्हणाली, "आई, वाईट नको वाटून घेऊस. मला खरंच मजा आली."

"तुला कसली भीती वाटते का गं?"

"मला? छे. कशाची?"

घडीताईने मान वळवून पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. पुन्हा विचारावंसं वाटलं, पण पोरीने ते दार किती अदबीने लोटून घेतलं होतं. ते ढकलायचा धीर तिला झाला नाही.

घरी आल्यावर तिने गोधड्या गॅलरीत वाळत घातल्या आणि लेकीची मोठी बॅग माळ्यावरून काढली. चेन मधेच अडकत होती. लेक म्हणाली, "राहू दे, मी बघते." घडीताई म्हणाली, "तू कशाला, मी आहे ना." चप्पल पायात सरकवून, बॅग उचलून ती चेन बसवून घ्यायला कोपऱ्यावरच्या चांभाराकडे निघाली.