स्टेज दहा आणि सामाईक सातबारा

गॅरेजमध्ये दोनच गोष्टी साठतात, जुने फिल्टर आणि किस्से. फिल्टर महिन्याला भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, उलट प्रत्येक गिऱ्हाईक येताना एक नवा टाकून जातं. आता एवढे झालेत की नवा आला की जुना विसरायला होतं. म्हणून म्हटलं, थोडे तुमच्याकडे सरकवावेत!

आमचं गॅरेज मोशीहून चाकणला जाताना डाव्या हाताला, वजनकाट्याच्या अलीकडे. काम एकच: डोंगरदऱ्यांत जाणाऱ्या मोठ्या फोर बाय फोर गाड्यांचा जोर वाढवणं. मालक विलासभाऊ. वीस वर्षं एका कंपनीत त्यांनी इंजिनं तपासली, मग बाहेर पडून हे शेड टाकलं. मी लातूरचा. हल्लीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो, आणि डिझेल कधी, किती सोडायचं याची त्यात एक फाईल असते. ती बदलली की जोर वाढतो. हे ट्यूनिंग. ते लॅपटॉपवर मी करतो. माझे हात काळे होत नाहीत म्हणून सगळे मला 'सर' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

शेड आमचं, पण जागा आमची नाही. ती नाना आणि तात्या या दोन चुलतभावांची. दोघं बोलत होते तेव्हा त्यांनी ती तोंडी शब्दावर भाऊंना दिली. मग वाटणीवरून बिनसलं. मोजणी झाली, वकील झाले, पंच बसले. दर वेळी एकाच्या वाट्याला गुंठाभर जास्त गेला आणि दुसरा चप्पल घालून निघून गेला. अकरा वर्षं बोलणं बंद. सातबाऱ्यावर मात्र नावं अजून शेजारी शेजारी! आम्हाला उठवायचं तर दोघांच्या सह्या लागणार, आणि एका कागदावर या दोघांच्या सह्या होणं शक्य नव्हतं. भाऊ रोज सकाळी शेडमधल्या गणपतीला उदबत्ती लावून एकच मागायचे, "देवा, ह्यांचं भांडण सुखात नांदू दे!"

तर हे आमचं भाग्य. आता किस्से.

*

भाऊंची एक पद्धत आहे. गिऱ्हाईकानं 'पॉवर वाढवा' म्हटलं की ते आधी चाकाच्या वर, पत्र्याच्या आत बोट फिरवतात. बोटाला चिखल लागला तर चहा मागवतात. नुसती धूळ लागली तर पाणी.

पिंपळे सौदागरच्या एका आयटीवाल्या साहेबांना पाणी मिळालं. गाडी सोसायटीच्या बेसमेंटमधून ऑफिसच्या बेसमेंटमध्ये जायची आणि परत यायची. साहेबांनी मात्र तीन महिने अभ्यास केला होता. एक्सेलमध्ये चौदा ट्यूनर, प्रत्येकापुढे हिरवे-लाल रकाने. मूळ फाईल बदलायची की वायरीत मधेच बसणारा तयार बॉक्स घ्यायचा, यावर ते माझ्याशी दीड तास बोलले. मी घामाघूम!

"गाडी पिकअप घेत नाही हो," साहेब म्हणाले. "मला किमान तीस टक्के जादा पाहिजे."

भाऊंनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला आणि साहेबांपुढे धरला. आत उंदरानं सुरेख घरटं केलं होतं. चिंध्या, कागद, आणि गणपतीच्या वर्गणीची एक पावती, साहेबांच्याच सोसायटीची.

घरटं काढलं, नवा फिल्टर टाकला, हवेनं सगळं फुंकून काढलं. साहेब एक चक्कर मारून आले ते चेहरा उजळूनच. "अमेझिंग! कुठला ट्यून टाकला?"

"उंदीर काढलाय," भाऊ म्हणाले.

त्या एक्सेलमध्ये पंधरावी ओळ वाढली, हे मला नंतर कळलं. सगळे रकाने हिरवे.

*

निगडीचे एक डेंटिस्ट. त्यांनी ऑनलाइन स्नॉर्केल मागवलं. म्हणजे ते उंच नळकांडं, पाण्यातून जाताना इंजिनाला वरची हवा मिळावी म्हणून काचेच्या बाजूनं बसवतात ते. डॉक्टरांनी रविवारी घरीच बसवलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तुंबलेल्या अंडरपासमध्ये गाडी घातली. लोक दुचाक्या ढकलत होते, डॉक्टर काच खाली करून त्यांच्याकडे बघून हसत होते. मधोमध गेल्यावर इंजिन पाणी प्यायलं आणि बंद. मग लोक हसले!

टोचन लावून गाडी आमच्याकडे आली. भाऊंनी नळकांडं धरून हलवलं. ते हातात आलं. खाली भोकच पाडलेलं नव्हतं, नुसतं पत्र्यावर चिकटवलेलं.

"डॉक्टर," भाऊ म्हणाले, "हिरडी न बघता कवळी बसवलीत!"

डॉक्टर दिलदार माणूस. पुढच्या वेळी भाऊंची दाढ त्यांनी फुकट काढली. भाऊंचं म्हणणं, तिला काही झालं नव्हतं.

*

देहूरोडचे सुभेदारसाहेब मात्र आमच्या धंद्याचे शत्रू. गाडी वीस वर्षांची, कंपनीतून आली तशीच. फक्त ऑइल बदलायला येतात, आणि तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं तरी पळवून लावतात.

एकदा मी एका नव्या माणसाला स्टेज एक, स्टेज दोन समजावत होतो. थोडा जोर म्हणजे एक, जास्त म्हणजे दोन, त्यापुढे टर्बोच बदलावा लागतो. साहेब शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होते.

"तुमच्या गाडीत कुठली स्टेज आहे, अंकल?" त्या माणसानं विचारलं.

"रिटायर्ड," साहेब म्हणाले.

चढ दिसला की ते खाली उतरतात, चारही टायरची निम्मी हवा सोडतात, पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखे वर जातात. वर जाऊन थर्मासमधला चहा पितात. मऊ टायर दगडाला धरून चालतो, एवढंच त्यांचं शास्त्र. "सर, एवढंच असेल तर आपण काय विकायचं?" असं मला भाऊंनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

*

आता आमचे जमीनमालक. नाना आणि तात्या बोलत नसले तरी एकमेकांवर नजर बारीक. नानांनी मोठी फोर बाय फोर घेतली, आठवड्यात तात्यांच्या दारात तीच गाडी, तोच रंग.

नानांनी पुढं लोखंडी बंपर बसवला. मग ओढायचा रोप गुंडाळायला विंच. टपावर जाळी, जाळीवर शिडी, शिडीवर दोन डिझेलचे कॅन, आणि सहा सर्चलाइट. त्या वजनानं गाडी बसली म्हणून जाड स्प्रिंगा. स्प्रिंगांनी उंच झाली म्हणून मोठे टायर. मग एक दिवस तणतणत आले. "विलास, गाडी मेली रं! वढतच न्हाई. पॉवर टाक."

भाऊ गाडी शेजारच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. पुढे कांद्याचे दोन ट्रक होते, नाना तिथं अर्धा तास उभे. चिठ्ठी आली, मूळ वजनापेक्षा चार क्विंटल जादा.

"नाना, चार क्विंटल कांदा घेऊन फिरताय," भाऊ म्हणाले. "फरक एवढाच, की हा मार्केटला खपत नाही."

काटेवालासुद्धा हसला. नाना नाही हसले. "कायबी काढायचं न्हाई. तात्याच्या गाडीवर चार लाइट हायेत, माझ्या सहा. पॉवर टाक."

टाकली. स्टेज दोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या मागच्या पत्र्यावर टकटक. तात्या! पुढच्या दारानं येताना नानांच्या माणसांनी बघू नये म्हणून गाडी मागच्या गवतातून आणलेली. हळूच म्हणाले, "सर, त्या नान्याला काय घातलंय ते मला सांगू नका. फक्त त्याच्यापरीस एक जास्त घाला."

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "सर, एकाला जास्त दिलं की दुसरा आपला वैरी. दोघांना सारखंच घाला. नाव तेवढं वेगळं सांगा."

तात्यांना स्टेज तीन मिळाली. हे नानांना कळलं, त्यांनी चार मागितली. मग पाच. मग सहा. मी लॅपटॉप लावायचो, तीच फाईल पुन्हा भरायचो, पडद्यावरची पट्टी हिरवी होईपर्यंत दोघंही आपापल्या पाळीला आळंदीच्या समाधीपुढं उभं राहिल्यासारखे हात जोडून उभे. नंतर चक्कर मारून यायचे आणि शपथेवर सांगायचे, "काय फरक हाय राव!"

दिवाळीपर्यंत तात्या स्टेज नऊवर होते आणि नाना दहावर. जगात एवढ्या स्टेज नाहीत.

भाऊंची झोप मात्र उडाली होती. हे दोघं एकाच गोष्टीवर एकत्र येऊ शकत होते: आपल्याला गंडवलंय, ही. आणि एकत्र आले की सह्या आल्या, सह्या आल्या की शेड गेलं. ज्या भांडणावर आमचं गॅरेज उभं होतं, त्याच्याच मुळाशी आम्ही सुरुंग पेरून बसलो होतो.

*

आणि तो रविवार आला. आमच्या भागात दगडाच्या जुन्या खाणी आहेत, त्यातल्या बंद पडलेल्या एका खाणीत आमची मंडळी गाड्या चढवायला जमतात. त्या दिवशी नाना आणि तात्या दोघंही हजर. अख्खं गाव काठावर.

नाना आधी गेले. दहा स्टेजचा आवाज करत अर्ध्या चढापर्यंत, तिथं चारही चाकं जागेवर फिरली, काळा धूर, आणि गाडी रुतली. तात्या मिशीला पीळ देत निघाले. नानांच्या शेजारी, बरोबर त्याच दगडापाशी त्यांची गाडी रुतली. वर दरडीवर सुभेदारसाहेब कधीचे पोचून चहा पीत होते.

नानांच्या डॅशबोर्डवर इंजिन बिघडल्याचा दिवा पेटला होता. मी धावत जाऊन त्यांच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग चूक ती. मागून तात्या वाकून बघत होते, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात फाईलचं नाव होतं. ते मीच दिलेलं.

तात्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "स्टेज दोन, नाना, तात्या, दोघांना सेम, फायनल."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तात्या मान वळवून नानांकडे बघून म्हणाले, "नाना, ऐकलंस का?"

"ऐकलं," नाना म्हणाले.

मग एकाच्या विंचचा रोप दुसऱ्याला लावून दोघांनी गाड्या काढल्या. "गिअर टाक," "आता सोड," "हळू रं," असं बोलत. आमच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

सोमवारी सकाळी दोघं एकाच गाडीतून आले. नानांच्या हातात कागद. भाऊंनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "सर, लॅपटॉप भरा. गणपती मी घेतो."

"विलास," नाना म्हणाले, "तू आमाला फसवलंस."

"व्हय, नाना."

"धा स्टेज सांगितल्यास," तात्या म्हणाले, "आन् दोन घातल्यास."

"व्हय, तात्या."

"पर सारख्या घातल्यास!" नानांनी कागद पुढं केला. "मोजणीवाले झाले, वकील झाले, पंच झाले. आमाला दोघास्नी सारखं वाटून देणारा तू एकलाच भेटलास. ह्यावर दोघांच्या सह्या हायेत. जमीन तू वाट. तू म्हणशील ती रेघ."

भाऊ गणपती हातात घेऊन तसेच उभे. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले, सांगायला लाज कसली?

तीन दिवस भाऊ टेप घेऊन फिरले. मी आकडे लॅपटॉपवर घेतले. विहीर, चिंचेचं झाड, रस्त्याकडची बाजू, सगळं सारखं. चौथ्या दिवशी दोघा भावांसमोर त्यांनी चुन्याची रेघ ओढायला घेतली. बांधावरून निघाली, विहिरीला वळसा घालून आली, शेडच्या मागच्या पत्र्यातून आत शिरली, गाडी चढवायच्या रॅम्पच्या बरोबर मधून गेली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. अर्धं शेड नानांच्या वाट्यात, अर्धं तात्यांच्या.

नाना रेघेच्या कडेनं शेडच्या दारापर्यंत चालत आले. "विलास, रेघ तुझ्या गॅरेजातनंच कशी रं गेली?"

भाऊंनी हातावरचा चुना झटकला.

"मापात आली, नाना."