दाराबाहेरचे बूट

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणायची, "ही पाच वर्षांपूर्वीचं भांडण कालच झाल्यासारखं सांगते!" असेन तशी. पण सतरा-अठराव्या वर्षी बंगळूरच्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात मी भर सभेत जो सूड घेतला, त्याचं मला आजतागायत तिळभर वाईट वाटलेलं नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, राजाजीनगरात बुटांचं दुकान होतं. आम्ही मूळचे मिरजेकडचे. अप्पा हे काम मिशनच्या कारखान्यात शिकले आणि कामाच्या मागे बंगळूरला आले. दर ईस्टरला ते मंदिराच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या सगळ्या पोरांना बूट करून द्यायचे. महिनाभर आधी एकेकाचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, त्या कागदावर नाव घालायचं आणि कागद पेटीत जपून ठेवायचा. पोरं गुदगुल्यांनी खिदळायची. "स्वल्प दम धर की रे!" म्हणून अप्पा खोटंखोटं ओरडायचे. ईस्टरच्या सकाळी तीसेक पोरं रस्त्यानं टपटप करत आली, की अप्पा कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, नुसते पायांकडे बघत. वर्षभरातला तो एक दिवस त्यांचा होता.

आमच्याकडची रीत अशी, की पायातलं काही मंदिरात न्यायचं नाही. दाराबाहेर लाकडी फळ्या होत्या, तिथं काढून ठेवायचं. पाळकसाहेबसुद्धा अनवाणीच उपदेश करायचे.

एका उन्हाळ्यात परदेशातून एक मड्डम आली. विशी-एकविशीची पोरगी, कॉलेजच्या सुट्टीत तिकडच्या चर्चच्या मंडळीनं मुलांमध्ये काम करायला पाठवलेली. ती इंग्रजीत गोष्ट सांगायची, मी ती कन्नडमध्ये मुलांना सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली होती. आमच्या घरी मांडी घालून जेवली, आईला भाकरी थापून दाखव म्हणाली. अप्पांनी तिच्याही पायाचं माप घेऊन चपला करून दिल्या. त्या ती रोज दाराबाहेर काढायची, पोरांच्या बुटांना अगदी लागून.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली. बरोबर तिच्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ होते आणि एक मोठी ट्रंक होती. पाळकसाहेबांनी ट्रंक आमच्या दुकानात पाठवली. मुलांना वाटायचे बूट आहेत, वापरलेले आहेत, जरा डागडुजी करून द्या, असा निरोप होता. अप्पांनी झाकण उघडलं. टाचा झिजलेले, शिवण उसवलेले, कुणाकुणाच्या पायातले बूट. तळाशी तिकडे मदत मागायला छापलेला एक कागद होता, त्यावर मड्डमनं गेल्या उन्हाळ्यात काढलेला फोटो. फोटोत माझी सहा वर्षांची धाकटी बहीण, मंदिरात, अनवाणी.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. "काय लिहिलंय ग?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. या मुलीच्या पायाला जन्मात कधी बूट लागलेला नाही, असं लिहिलं होतं.

"परत वाच."

परत वाचलं. धाकटी तेव्हा दुकानातच उड्या मारत होती, अप्पांनी केलेले बूट घालून.

"फेकून द्या ती ट्रंक रस्त्यावर!" मी ओरडले.

"काम आलंय, करून द्यायचं," अप्पा म्हणाले आणि आरी घेऊन बसले. चार दिवस खाली मान घालून त्यांनी एकूण एक बूट शिवला. मग पोरांच्या पायांचे कागद पेटीतून काढून सुतळीनं बांधले आणि गठ्ठा माळ्यावर टाकला. "आता पुरे झालं," म्हणाले, "पोरांना बूट तिकडूनच येत जातील." ते ऐकून आई पदराआड रडली. मी नाही रडले. मी दातओठ खात मड्डमकडे गेले.

तिला म्हटलं, "तुला ठाऊक होतं. तू रोज त्या बुटांशेजारी चपला काढत होतीस."

ती जराशी लाल झाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावायला लागली, "अग, बूट घातलेल्या मुलांचा फोटो बघून कोण काय देणार? चांगल्या कामासाठीच ना शेवटी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिची जिरवायची ती चारचौघांतच, हे तिथंच ठरवलं.

वाटपाच्या दिवशी मंदिर भरलं होतं. अप्पा शेवटच्या रांगेत. पोरं पुढं ओळीनं अनवाणी बसलेली, ट्रंक मधोमध, आणि पुढच्या कागदासाठी फोटो घ्यायला गृहस्थ कॅमेरा घेऊन तयार. मड्डम उठली. "ज्या लेकरांना बूट म्हणजे काय ते माहीत नाही..." असं काहीसं बोलली आणि कन्नडमध्ये सांग म्हणून माझ्याकडे वळली.

मी कन्नडमध्ये सांगितलं, "पोरांनो, बाहेर जा आणि आपापले बूट घालून आत या. पळा!"

पोरं घाबरून पाळकसाहेबांकडे बघायला लागली. बूट घालून आत?

"मी तुमची अक्का सांगतेय ना! उठा!"

उठली आणि पळाली. दोन मिनिटांत तीस जोड टपटप करत आत आले. म्हाताऱ्या "अय्यो!" म्हणून तोंडाला पदर लावत्या झाल्या. पाळकसाहेब ताडकन उभे राहिले. मी त्या गृहस्थांना इंग्रजीत म्हटलं, "साहेब, हे बूट यांचे स्वतःचे आहेत. दरवर्षी माझे वडील करतात, ते मागं बसलेत. तुमच्या कागदावरची मुलगी माझी बहीण, ती बघा, ओळीत तिसरी. आता घ्या फोटो. आणि या बाईंच्या दाराबाहेर काढलेल्या चपलाही माझ्या वडिलांनीच केल्यात."

"हे खरं आहे?" त्यांनी तिला विचारलं.

तिनं मान डोलावली आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. मला दया आली का? मुळीच नाही. रड म्हटलं, चांगली रड! अप्पांना मी तो कागद दोनदा वाचून दाखवला होता.

मागं पाहिलं तर अप्पांची जागा रिकामी. मंदिराची रीत मी मोडली होती, आणि अप्पा रीतीचे कडक. धाकटीचा हात धरून दुकानाकडे गेले. अप्पा पाठमोरे बसले होते.

"मंदिरात बूट नेलेस," ते म्हणाले.

"हो."

"तेही असले धुळीनं भरलेले?" त्यांनी वळून धाकटीच्या पायांकडे बोट दाखवलं. "आधी मला सांगायचंस ना ग! सगळ्यांना पॉलिश मारून दिलं असतं."

मग शिडी लावून त्यांनी माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला, सुतळी सोडली आणि धाकटीला म्हणाले, "ये इकडे, पाय केवढा झालाय बघू."