वहिनींच्या डोळ्यातला ठिपका

आनंदराव सरांची आणि माझी ओळख दाढदुखीमुळे झाली. पाचगणीच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले, तिथेच मी तेव्हा चित्रकला शिकवत होते. दाताच्या डॉक्टरांकडे म्हणून साताऱ्याला उतरले. जिना चढताना एका दारातून बारीक घरघर ऐकू आली, म्हणून तिथल्याच बाकावर गाल धरून बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ बाहेर आले. त्यांच्या हातात जाड पेनासारखं, वायर लोंबणारं यंत्र होतं.

"आवं बाई," माझ्या गालाकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "दाताचे डॉक्टर वरच्या मजल्यावर. माझ्याकडं नुसतं खोडून मिळतं."

ते यंत्र म्हणजे विजेवर चालणारा खोडरबर. दाढ काढून झाल्यावर मी तो बघायला पुन्हा खाली आले. सरांनी एका निवृत्त सुभेदारांचं चित्र एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारून, केलं होतं. चित्रातली मिशी काळीकुट्ट होती. सरांनी फिरत्या रबराचं टोक सँडपेपरवर टेकवून पेन्सिलीसारखं अणकुचीदार केलं आणि त्या काळ्यातून एकेक पांढरा केस बाहेर काढू लागले. समोर बसलेले सुभेदार कासावीस झाले.

"सर, जरा बेतानं. पिकवायला लय वर्सं लागल्यात."

"म्हणून तर खोडतोय. रंगानं पिकवली तर नाटकातली दिसंल."

पुढे मीही त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. सर पांढरा रंग जवळ ठेवतच नसत. कागदाचा पांढरेपणा रंगाखाली असतोच, तो फक्त मोकळा करायचा, असं ते आम्हा विद्यार्थ्यांना सांगत. रबर एका जागी जास्त वेळ टेकला की कागद तापतो, त्याची लव सुटते आणि ती जागा कायमची खरखरीत होते. माझे असे कितीतरी कागद बिघडले. सरांनी ते जपून ठेवले होते. नवा विद्यार्थी हिरमुसला की ते पुढे करून म्हणत, "ह्या आपल्या बाईंचे. आता बघा कशा काढतात." पुढे मी साताऱ्यात एकटी राहायला आले, तेव्हा सरांनी आणि त्यांच्या पत्नी मालनवहिनींनी रविवारचं माझं ताट आपल्या घरी गृहीतच धरलं. बोलावणं कधी आलं नाही. ताट मात्र मांडलेलं असायचं.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. एअरब्रशची कळ एकाच बोटाने दाबायची आणि मागेही ओढायची असते. ते आता शक्य नव्हतं. साताऱ्याची कार्यशाळा बंद झाली आणि दोघं माधवनगरच्या घरी परतले. एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर वहिनींचं जुनं लुगडं पडलं. मी भेटायला गेले, तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवलं.

"चित्राचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करत्यात. माणूस बसल्या जागी विझाय लागलाय."

पुढच्या रविवारी मी कोरा कागद घेऊन गेले, वहिनींचा तरुणपणीचा फोटो मागितला आणि कॉम्प्रेसर सुरू केला.

"माझं चित्र व्हय?" वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाईक संपल्यावर आला माझा नंबर!"

सर भिंतीकडेच बघत होते. मी रंग मारत राहिले. फवाऱ्याचा आवाज ऐकून की काय, त्यांनी मान वळवली.

"गालावर दाट झालं. लांबून मारा. आवं, लांबून!"

रंग वाळल्यावर मी खोडरबर त्यांच्या डाव्या हातात दिला. रबर हनुवटीखाली एकाच जागी रेंगाळला आणि कागदाची लव सुटली. सरांनी बटण बंद केलं. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "का थांबलं? पुसायचंच काम हाय न्हवं? मी जन्मभर तेच करतीया."

सर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

तेव्हापासून सर सांगतात तिथे मी रंग मारते आणि त्यातला उजेड ते डाव्या हाताने काढतात. कानाजवळची भुरभुरणारी बट, चमकीवरचा कण, पदराचा काठ, असं करत रविवारमागून रविवार वहिनी कागदावर आल्या. हनुवटीखालची खरखर मी झाकायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. तिथनंच सुरुवात झाली."

आता फक्त डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका राहिला आहे. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी तो पूर्ण करावा, असा मी आग्रह धरला. सर ऐकेनात. म्हणून चित्र तसंच छापलं आहे.

"आवं, पंच्याहत्तरी झाली," वहिनी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यात उजेड कवा पाडणार?"

"शंभरी झाल्यावर. बस तवर."

सरांना उत्तम आरोग्य लाभो आणि डाव्या हाताची पकड अशीच राहो. वहिनी समोर बसून कुरकुरत राहोत. रंग मारायला मी दर रविवारी येईनच. त्या ठिपक्यासाठी सरांनी आम्हा सगळ्यांना शंभरीपर्यंत खुशाल ताटकळत ठेवावं.