रूथची माणसं

पेपर हातात पडला, की ती आधी डोळे मिटायची. बाकीची मुलं प्रश्नपत्रिकेवर तुटून पडलेली असत आणि ही तळव्याखाली रुमाल धरून ओठ हलवत बसलेली असे. बाई ओरडायच्या, "ए, झोपलीस का?" मग ती डोळे उघडून शांतपणे पेन उचलायची. वर्गाला याची फार मजा वाटे. मागच्या बाकावरून कुणीतरी लांबलचक सुरात "आऽऽमेन" म्हणे आणि सगळे हसत. सहावीत पडलेलं ते नाव दहावीपर्यंत तिला चिकटून राहिलं. खरं नाव रूथ. हजेरी घेताना सर 'रूत' म्हणायचे. ती दर वेळी हळूच 'रूथ' म्हणायची आणि मगच 'हजर'.

आमचं गाव नेकनूरच्या पुढे, फाट्यापासून आत. गावात ख्रिस्ती घर तिचं एकच उरलं होतं. पूर्वी चार-पाच होती म्हणे. कुणी नगरला गेलं, कुणी पुण्याला. घरात तिघंच. आई उपकेंद्रात नर्स, गाव तिला सिस्टरबाई म्हणे. आजोबा निजामाच्या काळात मिशनच्या शाळेत शिकवायचे, म्हणून ते सगळ्यांचेच मास्तर. आणि तिसरी ही. वडील ती लहान असतानाच वारले होते.

मी किराणा दुकानदाराची मुलगी. आमचं घर लिंगायतांचं. दुकानात तेव्हा शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या, आणि रूथ दर शनिवारी एक पुडी घ्यायला यायची. पण आमची मैत्री जुळली ती माझी आजी गेली तेव्हा. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. इष्टलिंग हातात देऊन, बसवून पुरतात. वर्गातल्या मुली त्यावरून मला काहीबाही विचारत होत्या. रूथ मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "आमच्यात पण पुरतात. पण आम्ही झोपवतो."

"आमची आजी बसलीय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पाय अवघडत असतील गं तिचे."

मला रडू यायचं ते हसूच आलं. तेव्हापासून आम्ही एका बाकावर. माझं नाव गिरिजा. ती म्हणायची, "आमच्या गावात गिरिजाघर नाही, पण गिरिजा आहे. निम्मं काम झालं."

दहावीचं वर्ष लागलं आणि हे हसणं कमी झालं. हेडमास्तर प्रार्थनेच्या वेळी पोरांची नावं घेऊन सांगायचे, कोण शाळेचं नाक कापणार आहे ते. बीजगणितात काठावर असलेल्यांत रूथचं नाव ठरलेलं. सिस्टरबाईंची इच्छा एकच, पोरीनं नर्सिंगला जावं, आणि दहावी हुकली की तेही हुकलं. रूथची नखं कुरतडून कुरतडून बोटांच्या आत गेली होती. हाताला इतका घाम यायचा की शाई फुटायची, म्हणून तो रुमाल. मी एकदा तिला म्हटलं, "इतकं कशाला भितेस गं?" ती म्हणाली, "आधी भिऊन घ्यावं. एकदाचं पुरतं भिऊन घेतलं, की लिहिता येतं."

आणि त्याच दिवशी तिनं मला सांगितलं, की पेपराआधी ती प्रार्थना करतच नाही. ती नावं म्हणते.

गावाबाहेर ओढ्याच्या कडेला जमिनीची एक पट्टी होती. तिथं रानातले दगड उभे केलेले, एकावरही अक्षर नाही. ते तिच्या लोकांचं कबरस्तान. दर रविवारी घरातली उपासना झाली, की मास्तर तिला तिथं घेऊन जात आणि एकेका दगडापाशी उभं करून विचारत, "हे कोण?" ती नाव सांगे. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. "मास्तर म्हणतात, दगडावर लिहिलं की माणसं वाचायची विसरतात. तोंडात असलं की राहतं," ती म्हणाली. "मला वाटतं, लिहून घ्यायला पैसे नव्हते. पण ते असं सांगतात." आजोबांना तीही मास्तरच म्हणायची.

तेव्हा आमच्याकडे रस्ता रुंद होत होता. फाट्यावर एसटीडी बूथ आला, रस्त्याकडेच्या जमिनींचे प्लॉट पडायला लागले. रावसाहेब म्हणजे गावचे पुढारी. आमचं दुकान ज्या गाळ्यात होतं तोही त्यांचाच. ओढ्यालगतची जमीन त्यांनी विकत घेतली, तिथं पेट्रोलपंप होणार असं सगळे बोलायला लागले. दिवाळीनंतर तार ओढली गेली, आणि तारेच्या आत ती पट्टीही गेली. मास्तर चावडीवर दोनदा जाऊन आले. "बगू, मास्तर," असं त्यांना सांगितलं गेलं. मग ते रविवारी तारेबाहेर उभं राहून नावं घ्यायला लागले. रूथ त्यांच्या शेजारी उभी असायची. "मी देवाला एकच मागते," ती म्हणायची, "दहावी होईस्तोवर मास्तरांना राहू दे."

बीजगणिताच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर गेले.

मी पोचले तेव्हा सिस्टरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि रूथ चहाची भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. बीडच्या चर्चच्या पाळकांना बूथवरून फोन गेला होता. सुताराच्या दारात पेटीचं काम चाललं होतं. ऊन मार्चचं, फार वेळ थांबता येणार नव्हतं. खड्डा खणायला गेलेली माणसं रिकामीच परत आली. तारेपाशी रावसाहेबांची माणसं उभी होती.

दुपारी पाळक बसनं आले, तसे आम्ही सगळे ओढ्याकडे निघालो. पेटी बैलगाडीत होती. निम्मं गाव बघायला जमलेलं. रावसाहेबांची जीप उभी होती. ते खाली उतरून अगदी सौम्यपणे म्हणाले, "सिस्टरबाई, लई वाईट झालं. मास्तर देवमाणूस व्हता. पण हितं आता जमायचं न्हाई. जागा मोजून झालीय."

पाळक हळूच म्हणाले, "वाद नको, बाई." सिस्टरबाईंनी पदर तोंडाला लावला. बैल मान हलवत होते, तेवढाच आवाज.

रूथ पुढे गेली. तिनं तार दोन्ही हातांनी धरली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज आला. पेपराआधी ओठांत असायचा तो आवाज, पहिल्यांदाच मोठ्यानं.

"कडेचा दगड याकोब. मास्तरांचे आजोबा, या गावात पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्या शेजारी त्यांची बायको सारा. नंतर शांतवन, पटकीत गेला, सात वर्षांचा होता. नंतर मेरीआजी." ती थांबली. "काका, मेरीआजी सुईण होती. तुमच्या वाड्यातली बाळंतपणं तिनंच केलीत. तुम्हीसुद्धा तिच्याच हातावर जन्मलात. तो शेवटचा दगड माझे बाबा."

जमावात कुजबूज झाली. रावसाहेबांनी एकदा मेरीआजीच्या दगडाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता तार उघडणार.

"असंल, पोरी," ते म्हणाले. "मी कुटं न्हाई म्हनतो? पर जुनं ते जुनं." आणि आपल्या माणसांकडे वळून, "उबं काय राहिलाव बे? गाडी वळवा त्यांची."

तेव्हा माझे अप्पा बोलले. माझे वडील म्हणजे गावात सगळ्यांत न बोलणारा माणूस. गिऱ्हाइकानं शिवी दिली तरी तराजूकडे बघत राहणारे. ते गर्दीतून पुढे आले आणि खाली बघत म्हणाले, "सिस्टरबाई, आमच्या स्मशानात कोपऱ्याला जागा हाय. चिंचेखाली. मास्तरला तिथं नेऊ."

आमच्यातले वडीलधारे वीरभद्रअण्णा तिथंच होते. ते ताडकन म्हणाले, "ती जागा तुज्या बापाची हाय का रे?"

"माजा बाप तिथंच हाय, अण्णा," अप्पा म्हणाले. "आई बी तिथंच हाय. मग कुनाची म्हनायची?"

अण्णा लालबुंद झाले. रावसाहेब अप्पांकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाही कळला. पण अप्पा रूथकडे बघत होते. तिनं हो म्हटल्याशिवाय काही होणार नव्हतं, हे कसं कोण जाणे, सगळ्यांनाच समजलं होतं.

तिनं तार सोडली नव्हती. "बाबा इथं आहेत," ती म्हणाली. "मास्तरांनी जागा दाखवून ठेवलीय मला. बाबांच्या उजव्या अंगाला."

सिस्टरबाई पुढे होऊन तिच्याजवळ गेल्या. "रूथ, बाळा, ऊन लई हाय."

एवढंच. रूथनं बैलगाडीकडे पाहिलं. मग तारेवरचे हात सोडवले. एका तळव्यात काटा रुतून रक्त आलं होतं, ते तिनं रुमालानं दाबलं आणि अप्पांना म्हणाली, "चला."

दिवस मावळायच्या आत मास्तरांना चिंचेखाली झोपवलं. पाळकांनी प्रार्थना केली. आमच्यातली फक्त तीन माणसं थांबली होती, त्यांत अप्पा एक. खड्डा त्यांनीच खणला होता.

दुसऱ्या दिवशी ती पेपराला आली. हाताला चिंधी. डोळे मिटून इतका वेळ बसली, की पर्यवेक्षक तिच्यापाशी येऊन उभे राहिले. मी मागे वळून बघत होते म्हणून त्यांनी मला दम दिला. नावांत आता एकाची भर पडली होती. मग तिनं डोळे उघडले आणि शेवटची घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला?"

"माहीत नाही. गिरजे, मी देवाशी बोलत नाहीये."

"किती दिवस?"

"बघू. तो काही बोलतो का ते बघते."

ती पास झाली. बीजगणितात काठावरच, पण झाली. उन्हाळ्यात सिस्टरबाईंनी बदली मागून घेतली, अंबाजोगाईकडे. जायच्या दिवशी आम्ही फाट्यावर बसची वाट बघत होतो. मी विचारलं, "बोललीस का देवाशी?"

"भांडले," ती म्हणाली. "म्हणजे बोललेच की."

रावसाहेबांनी पावसाळ्याआधीच आमचा गाळा रिकामा करून घेतला. अप्पांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. आमच्यातली काही घरं पुढे कित्येक वर्षं तिथं सामानाला आली नाहीत. पेट्रोलपंप झाला. ओढ्याकाठचे दगड कुठं गेले, ते कुणालाच सांगता आलं नाही. रूथला मी हे पत्रात कळवलं. तिचं उत्तर आलं, त्यात बाकी काही नव्हतं, फक्त ती सगळी नावं होती, ओळीनं. शेवटी लिहिलं होतं, 'तू पण पाठ कर. दोघींना येत असलेली बरी.' मी पाठ केली. माझ्या मुलीलाही शिकवली.

रूथ नर्स झाली, सोलापूरला असते. अप्पा गेले तेव्हा मी फोन केला, आणि मिळेल त्या बसनं ती आली. अप्पांनी माझ्या भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, "मला आई-बापाकडं नगं. चिंचेखाली, मास्तरच्या बाजूला ठेवा." त्यावर थोडी धुसफूस झाली, पण शेवटची इच्छा म्हणून कुणी अडवलं नाही. जंगम स्वामींचे मंत्र चालले होते. बेलाची पानं वाहून झाली. माणसं एकेक करून माती लोटत होती, तशी रूथही मूठभर माती घेऊन पुढे आली.

वीरभद्रअण्णा काठीवर वाकून खड्ड्याच्या कडेला उभे होते. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. "ही कुनाची म्हनायची?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी काही सांगायच्या आत रूथ म्हणाली, "मी ह्यांच्या शेजाऱ्यांची नात."

अण्णांनी काठी बाजूला घेतली आणि तिला पुढे जायला वाट करून दिली.