देशी किती, बाहेरची किती

माझ्या थोरल्या नणंदबाई घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघतात, कुलूप ओढून बघतात आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर येतात. आम्ही पॅकिंगमधल्या बायका त्यांना पाठीमागे 'पुन्हाबघू' म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरातली तिघंही खिडक्या बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. नवरा भट्टीवर, मी पॅकिंगला, ताई ऑफिसात. ताईंचं काम जगावेगळं. एका खिडकीपायी, धातूच्या खाणीपासून ती भंगारात जाईपर्यंत, हवेत किती धूर जातो याचा तक्ता त्या भरायच्या. त्यात एक रकाना लगडींचा, म्हणजे भट्टीत वितळवायच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांचा: देशात बनलेल्या किती, बाहेरून आलेल्या किती. आम्ही घेतो त्या देशी लगडी धरणाच्या विजेवर बनतात, बाहेरच्या कोळशाच्या. धुरात चौपट फरक. बिलावर नाव गावातल्याच व्यापाऱ्याचं, म्हणून ताईंनी सरळ लिहिलं: सगळा माल देशी. कमी धुराच्या त्याच आकड्यावर आम्हाला नव्या हॉस्पिटलच्या खिडक्यांचं काम मिळालं आणि दुसरी भट्टी पेटली. माझा नवरा त्याच भट्टीवर होता.

हा तक्ता तपासायला हॉस्पिटलकडून एक तपासनीस बाई येणार होत्या, त्याच्या आदल्या दुपारी ताई आवारात गेल्या. वर्षभर कागद तीन-तीनदा तपासले, लगडी मात्र पहिल्यांदाच बघत होत्या. ताडपत्री उचलली, तर दहातल्या सहा लगडींवर परक्या देशाचा ठसा. व्यापारी नुसता मधला माणूस होता.

पॅकिंगमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी मला सगळं सांगितलं.

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, बिल दाखवा आणि गप्प बसा."

"मग बसा ना गप्प! भट्टी बंद पडली तर खायचं काय?"

संध्याकाळी घरी ताटं तशीच राहिली. एरवी नवऱ्याचं ठरलेलं, "अगं ताई, घाबरतेस काय एवढी!" त्या दिवशी तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, चिडलाय.

सकाळी ऑफिसच्या काचेपलीकडे मला ताई आणि तपासनीस बाई दिसत होत्या. हातातली चिकटपट्टी खोक्यावर धड बसत नव्हती. ताई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या, काहीतरी बोलल्या. बाईंनी पेन काढलं. देवा, हवापाण्याचंच बोलत असू देत, असं मी मनात म्हणतेय तोवर ताई त्यांना घेऊन आवाराकडे निघाल्या.

आठ दिवसांत हॉस्पिटलचं काम गेलं, दुसरी भट्टी विझली आणि नवऱ्याला घरी बसवलं. मी ताईंशी बोलणं टाकलं होतं. राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती.

त्याला घरी बसवलं त्या संध्याकाळी ताई जिन्याच्या खालच्या पायरीवरच थांबल्या. वर येईनात. नवरा खाली गेला, त्याच्यामागे मी.

"शिव्या दे मला," ताई म्हणाल्या. "तुझी भट्टी मी विझवली."

तो पायरीवर बसला. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "त्या लगडी वर्षभर मीच उतरवून घेतोय, ताई. ठसा रोज दिसायचा. घरी टेबलाशी बसून तू 'सगळा माल देशी' लिहायचीस, तेही दिसायचं. मी भ्यायलो. म्हणून बोललो नाही."

मला वाटलं, आता ताई रडतील. त्यांनी हळूच विचारलं, "त्या ढिगात दहात सहा होत्या. वर्षभराचं काय?"

"आठ," तो म्हणाला. "कधी नऊ."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तपासनीस बाईंना सहाच सांगितल्या होत्या, आणि पहिली भट्टी अजून चालू होती. त्यांची नोकरी, माझी नोकरी, सगळं तिच्यावरच.

"उद्या पुन्हा सांगावं लागेल," त्या म्हणाल्या आणि आधारासाठी त्यांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही, आणि या वेळी मी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.