तो मळ नव्हता

सुभद्राबाई नातीची मान घासत होती. आधी नारळाच्या शेंडीनं, मग पाय घासायच्या वजरीनं. पोर किंचाळायला लागली, मानेवर रक्ताचे बारीक ठिपके उठले, तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

"कामून एवढं घासायलाव आत्या? सोलली की ती!" सून जगदेवी आतून धावत आली.

"मळ हाय मळ. आंघोळीला कंटाळती. सारं गाव काय म्हणंल?"

सहा वर्षांच्या प्रतीक्षाच्या मानेवर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत काळा, जाडसर पट्टा होता. बोट फिरवलं तर मखमलीसारखा लागायचा. एवढं घासूनही तो तसाच राहिला.

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याजवळच्या आमच्या गावात सुभद्राबाईला सगळे मानतात. माहेर कोहिनूर गावचं. लग्न होऊन आली तेव्हा सासरी मेंढरं होती. नवरा पिराप्पा दांडगा माणूस, खांद्यावर घोंगडी टाकून माळावर निघाला की लांबूनच ओळखू यायचा. पण चाळिशीच्या आतच, एका भर दुपारी, विहिरीच्या काठावर तो छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. कुणी म्हणालं, दुपारचं काहीतरी लागलं. कुणी म्हणालं, करणी झाली. पुढं मेंढरं विकली गेली. सुभद्राबाईनं दुसऱ्यांच्या तुरीत, उडदात खुरपून एकुलता एक शिवराज वाढवला. तो आता चिटगुप्पा-हुमनाबाद रस्त्यावर प्रवासी टमटम चालवतो. म्हणजे, चालवायचा.

शिवराजची लेक प्रतीक्षा दिवस भरायच्या आधीच बीदरच्या दवाखान्यात जन्मली. दोन किलोसुद्धा भरली नव्हती. मांजरीचं पिल्लू बरं, असं बघायला आलेल्या बायका हळूच बोलल्या, ते सुभद्राबाईनं ऐकलं. तिनं तिथंच ठरवलं, ह्या लेकराला असं करीन की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील. साखर घातलेलं दूध, तूपभात, चहात बुडवलेली बिस्किटं, पोर जरा कुरकुरली की दुकानातली चिप्सची पुडी. मेंढीचं अशक्त कोकरू बाटलीनं दूध पाजून तिनं कितीतरी वेळा जगवलं होतं. लेकरूही तसंच भराभर भरलं. तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या बाया गाल ओढून म्हणायच्या, "आजी असावी तर सुभद्रक्कासारखी." तिला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक असावं.

प्रतीक्षा सहा वर्षांची झाली त्या पावसाळ्यात बीदरच्या एका दवाखान्याची माणसं शाळेत आली. कमी वजनाची जन्मलेली मुलं पुढं कशी वाढतात, हे ते तपासत होते. मुलांना सकाळी उपाशी बोलावलं, उंची-वजन-कंबर मोजली, रक्त घेतलं. पुढं काही दिवसांनी शिवराजला फोन आला. मुलीला घेऊन या.

शिवराज लेकीला आणि आईला घेऊन गेला. डॉक्टर दीपमाला औरादकडची, आमच्यासारखंच मराठी बोलणारी. तिनं आधी प्रतीक्षाची मान पाहिली आणि वजरीचे ओरखडेही पाहिले.

"आजी, हा मळ नाही. घासून जाणार नाही."

"मग काय हाय?"

"आत रक्तात जे चाललंय, ते कातडीवर दिसतंय."

शिवराजनं घाईनं विचारलं, "शुगर किती हाय?"

"शुगर नॉर्मल आहे."

"मग झालं की!" तो उठायलाच लागला.

"बसा," डॉक्टर म्हणाली. "शुगर नॉर्मल ठेवायला हिचं शरीर काय करतंय ते ऐका. इन्सुलिन नावाचं हार्मोन रक्तातली साखर पेशींमध्ये ढकलतं. हिच्या पेशी ते ऐकेनात, म्हणून शरीर ते दुपटी-तिपटीनं बनवतंय. जड गाडीला चढावर लावलेल्या बैलासारखं. गाडी चाललेली दिसते, पण बैल किती दिवस ओढेल?"

शिवराज पुन्हा खुर्चीत बसला.

"अजून एक आहे. अडिपोनेक्टिन. ते चरबीतूनच तयार होतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांची राखण करतं. ते हिच्यात फार कमी आहे."

"म्हंजे लेकरू बिमार हाय?" सुभद्राबाईचा आवाज चढला. "बघा की जरा! कसं गुबगुबीत हाय!"

"आज आजारी नाही आजी. पण ज्या वाटेनं निघालीय ती वाट चांगली नाही. साखरेची बिस्किटं, पुड्या बंद करा. खेळू द्या, पळू द्या. उपाशी मात्र ठेवू नका, वाढतं लेकरू आहे. एवढ्यात औषध नको. एवढ्या वयात वाट बदलता येते."

प्रतीक्षा कंटाळून खाली उतरली. तिला उचलायला शिवराज वाकला, आणि डॉक्टर बोलायची थांबली.

"तुमच्या मानेवर हे कधीपासून आहे?"

शिवराज हसला. "ल्हानपणापासनं. माय घासघासून दमली."

"वडील आहेत?"

शिवराजनं आईकडं पाहिलं. सुभद्राबाईनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "चाळिशीच्या आत गेले. छातीला हात लावून बसले."

"तुमचं रक्त आजच देऊन जा," डॉक्टर शिवराजला म्हणाली. "छातीची पट्टी, ईसीजीही काढू."

"मला काय झालंय? लेकीला दाखवायला आलतो." त्यानं घड्याळ बघितलं. "उशीर व्हायलाय, टमटम गावात उभी हाय. पुढच्या येळंला बघू."

परत येताना बसमध्ये सुभद्राबाई लेकाच्या मागच्या सीटवर बसली होती. सगळ्या वाटेवर तिला त्याची मान दिसत होती. पिराप्पाची मान कशी होती ते ती आठवू लागली. त्याच्या खांद्यावर कायम घोंगडी असायची, नीट आठवेना. आणि मग आठवला, घोंगडीखालचा तसाच काळा पट्टा.

"शिवराज, रक्त देऊन ये बाबा," ती रोज म्हणू लागली. तो रोज व्हय म्हणायचा. ऊसतोडीचा हंगाम होता, गिऱ्हाईक भरपूर होतं. तिनं डॉक्टरला फोन करायला सुनेला सांगितलं, डॉक्टरनं त्याला समजावलं, त्यालाही तो व्हय म्हणाला.

एका सकाळी हुमनाबादच्या अलीकडं त्यानं टमटम रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मागची माणसं ओरडायला लागली, त्यांना वाटलं फोन घ्यायला थांबला. एक म्हातारा उतरून पुढं आला, तेव्हा त्यानं शिवराजचा घामानं निथळणारा शर्ट पाहिला.

शिवराज वाचला. हृदयाची बंद झालेली नस उघडली, तीत जाळी बसवली. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. वय तेहेतीस. आता तो दारात खाटेवर बसतो, दोन घागरी उचलल्या की दम लागतो. टमटम दुसरा कुणी चालवतो.

ह्यानंतर सुभद्राबाईला भीतीनं धरलं. तिनं घरातली साखर, गूळ, तूप पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. प्रतीक्षाला अर्धी भाकरी आणि पातळ वरण. पोरीनं अजून मागितलं की म्हणायची, "बापासारखं व्हायचंय काय तुला?" पोर घाबरून गप्प बसायची. जगदेवीनं एकदा हळूच वाढलं तर सासूनं ताटातली भाकरी उचलून घेतली. गाल बसले. मानेवरचा पट्टा तसाच.

शाळेतल्या नेत्रावती टीचर घरी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "प्रतीक्षा दुसऱ्या मुलांच्या ताटातलं उचलून खाते. काल खरकट्याच्या बादलीतलं अंडं खाताना सापडली. घरी जेवण मिळत नाही काय तिला?"

सुभद्राबाई नातीकडं वळली. नात मेंढरासारखी मान खाली घालून उभी होती. "आज्जी, मी पोटभर न्हाई खाल्लं," ती भराभर बोलायला लागली. "थोडंच खाल्लं. मी मरणार न्हाई न्हवं?"

सुभद्राबाईनं त्याच पावली पेटीचं कुलूप काढलं. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन एकटीच बीदरला गेली आणि डॉक्टरसमोर बसून म्हणाली, "किती घालू ते सांगा. मला दोन्हीकडनं भ्याव वाटायलाय."

डॉक्टरनं समजावलं. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, अंडं, भूक भागेपर्यंत. गोड सणाला. संध्याकाळी मैदान. पोरीसमोर मरणाचं नाव नाही.

वर्ष गेलं. सुभद्राबाई संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला बसते, प्रतीक्षा पोरींबरोबर खो-खो खेळते. गल्लीतल्या बाया आता म्हणतात, बाप खाटेवर पडला, आता लेकरालाही वाळवायलेत. सुभद्राबाई मैदानाकडंच बघत राहते.

गेल्या महिन्यात पुन्हा रक्त दिलं. डॉक्टर कागद पाहून म्हणाली, "इन्सुलिन उतरलंय. चांगलं केलंत आजी. दुसरं मात्र अजून तसंच आहे."

"हृदयाची राखण करणारं?"

"हो."

"म्हंजे हिलाबी होणार?"

"ते आज कुणालाच सांगता येत नाही. दरवर्षी बघत राहायचं."

संध्याकाळी गावाच्या फाट्यावर दोघी उतरल्या. प्रतीक्षा हात सोडवून घराकडं पळत सुटली. सुभद्राबाई तिच्या मागं भराभर चालत होती. पोर मधेच थांबली, वाकली. म्हातारी हातातली पिशवी टाकून धावली.

चप्पल नीट करून पोर पुन्हा पळाली.